हात जोडणारा पाहुणा

पावसाचा जोर ओसरू लागला, की गॅलरीतल्या तुळशीवर किंवा अंगणातल्या कढीपत्त्यावर एखाद्या सकाळी तो दिसतो. पानासारखा हिरवा, काटकुळा, पुढचे दोन पाय छातीशी जोडून उभा. मुले हाका मारून सगळे घर गोळा करतात. आजी म्हणते, ‘‘हात लावू नका रे, खंडोबाचा किडा आहे तो!’’ आणि तेवढ्यात तो मान वळवून एकेकाकडे टक लावून पाहतो. मुलांचा बेत तिथेच पक्का होतो. हा आपण पाळायचा.

पाळायला हरकत नाही. प्रार्थनाकीटक, म्हणजेच मँटिस, विषारी नसतो. आवळून धरला तर पुढच्या पायांचे काटे टोचतात, एवढेच. त्याला फिरवून आणावे लागत नाही, की शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. त्याचे हात जोडणे मात्र बगळ्याच्या ध्यानापैकी आहे. माशी टप्प्यात आली, की डोळ्याचे पाते लवायच्या आत ते जोडलेले पाय सुटतात आणि माशी काट्यांत अडकलेली असते.

निवड करताना थोडा विचार करावा. या किड्याचे सारे आयुष्य जेमतेम वर्षभराचे. पूर्ण पंख फुटलेला मँटिस गणपतीच्या सुमारास पकडून आणला, तर त्याची म्हातारपणाकडे वाटचाल सुरू झालेली असते. दिवाळीच्या आगेमागे तो गेला, की मुलांना वाटते आपलेच काही चुकले. त्यापेक्षा पंख न फुटलेले, बोटाच्या दोन पेरांएवढे पिल्लू बरे. ते वाढताना पाहता येते. बागेत सहसा आढळणारे हायरोड्युला गटातले मोठे हिरवे मँटिस नवशिक्यांना चांगले. दक्षिण भारतात व्हायोलिनच्या आकाराची एक देखणी जात आहे, पण तिला भरपूर ऊब आणि उडते भक्ष्य लागते; पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नये. अभयारण्यातून तर कोणताच जीव उचलून आणायचा नसतो.

घर म्हणून मोठी पारदर्शक बरणी पुरते. तिची उंची मात्र किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, रुंदी दुप्पट. आत एक खरबरीत काटकी तिरपी उभी करावी आणि तोंडाला धुतलेले मलमलीचे कापड ताणून बांधावे. हवाही खेळते आणि त्याला उलटे लटकायला पकडही मिळते. घरातल्या मच्छरदाणीचा तुकडा वापरण्याचा मोह होतो, पण हल्लीच्या काही मच्छरदाण्यांना कीटकनाशक लावलेले असते. बरणी उजेडात ठेवावी, उन्हात नको. आणि एका बरणीत एकच! दोन ठेवले, तर चार दिवसांनी एकच उरतो, तोही चांगला गुटगुटीत.

खाणे जिवंतच लागते. अगदी लहान पिल्लांना पिकल्या केळ्याच्या सालीवर जमणारी चिलटे, मोठ्यांना माश्या, दिव्यावर येणारे पतंग, छोटे रातकिडे. भक्ष्य त्याच्यापेक्षा लहान असावे, आणि दोन-तीन दिवसांतून एकदा पुरे. पोट टम्म दिसत असेल, तर उपास घडला तरी चालतो. स्वयंपाकघरातले झुरळ मात्र कधीही देऊ नये. त्याने कुठले औषध चाटले असेल, कोण जाणे! पाण्याची वाटी नको. रोज सकाळी फवाऱ्याने बरणीच्या आत थोडे थेंब उडवले, की तो ते पितो.

खरी परीक्षा कात टाकताना असते. मोठे होईपर्यंत तो सात-आठ वेळा कात टाकतो. एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, तो खायचे सोडतो, सुस्तावतो, वर जाऊन उलटा लटकतो. घरातल्या माणसांना वाटते आजारी पडला. मग कोणी बरणी हलवून पाहते, कोणी काडीने टोचते, कोणी प्रेमाने आणखी एक रातकिडा आत सोडते. नवशिक्यांच्या हातून मँटिस दगावतो तो बहुधा इथे. जुन्या कातडीतून अंग बाहेर काढत असताना तो खाली पडला, तर पाय वाकडे होतात, पंख चुरगळतात, कित्येकदा जीवही जातो. आत राहिलेला रातकिडा त्या मऊ अंगाला कुरतडतो. म्हणून खाणे सोडलेले दिसले, की उरलेले भक्ष्य काढून घ्यावे, पाणी थोडे जास्त फवारावे आणि बरणीला हात लावू नये. मुलांसाठी याहून अवघड काम नाही. मोठ्यांनाही ते जमतेच असे नाही. नवे अंग कडक व्हायला एक-दोन दिवस जातात. तोवर खाणेही नको.

दुसरा शत्रू घरातच असतो, तोही रोज संध्याकाळी पेटवला जाणारा. डास मारणारी कॉइल, मॅट, भिंतीच्या प्लगमधले द्रवाचे मशीन हे किड्यांसाठीच बनवलेले विष, आणि मँटिस हा किडाच आहे. ज्या खोलीत ही साधने चालतात तिथे बरणी ठेवू नये. पेस्ट कंट्रोल करायचे असेल, तर त्याला काही दिवस दुसऱ्या घरी पाठवावे. हातावर घेताना वरून न उचलता समोर तळवा धरावा, तो आपणहून चढतो. तेव्हा पंखा बंद आहे ना, हे आधी पाहावे. पंख फुटलेले नर चटकन उडतात.

नर की मादी हे पोटाखालचे वळे मोजून कळते. मादीला सहा, नराला आठ. मादी अंगाने भरलेली आणि जास्त जगणारी. ती नराला खाते ही गोष्ट खरी, पण दर वेळी नव्हे. भुकेली असली तर जास्त. एकटी मादीसुद्धा काटकीवर फेसाचा गोळा सोडते. तो वाळून स्पंजसारखा घट्ट होतो आणि आत अंडी असतात. बागेतून आणलेल्या मादीची अंडी बहुधा फळतात. त्यातून शंभरावर पिल्ले एकदम निघतात, आणि बरणीतून सुटून ती घरभर झाली, की आईची सहनशक्ती संपते. म्हणून तेवढी काटकी तोडून बाहेर एखाद्या सावलीतल्या झाडावर, मुंग्यांची रांग नाही असे पाहून, दोऱ्याने बांधून ठेवावी. पुढे म्हातारी मादी काटकीवरून घसरू लागते, पायांची टोके काळवंडतात, माशी समोर आली तरी ती हात उगारत नाही. तेव्हा मुलांना जवळ बसवून खरे काय ते सांगावे, आणि नंतर बाहेरच्या झाडावर बांधलेली ती काटकी दाखवावी.