समुद्रफुलांच्या भेटीला



वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली, त्याच दख्खनच्या बेसॉल्टवर मुंबईतील हाजीअलीचा आणि रायगडातील हरिहरेश्वरचा खडकाळ किनारा उभा आहे. ओहोटीला तिथल्या खळग्यांत पाणी साचते आणि समुद्रफुले दिसू लागतात.

दिसायला फूल, पण हा मांसाहारी प्राणी. तळाच्या चकतीने तो खडकाला घट्ट धरून बसतो. एखादी लहानशी कोळंबी शुंडकांना लागली, की दंशपेशींतून विषारी धागे सुटतात आणि ती लुळी पडते. तोंड एकच; न पचलेले अन्नही तिथूनच बाहेर पडते. खरी परीक्षा पाणी ओसरल्यावर. शुंडके आत ओढून, पोटात पाणी राखून तो गोळा होतो. काही जाती अंगाला शिंपल्यांचे तुकडे चिकटवून उन्हापासून बचाव करतात. पाणी राखून दिवस काढणे आपल्या मराठवाड्यालाही ठाऊक आहे.

मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट 2017 पासून नागरिकांना असे किनारे दाखवतो. सुटीत कोकणात जाल, तेव्हा ओहोटीची वेळ पाहून खडकांवर जा. पाहा, पण बोट लावू नका. उचललेला दगड पुन्हा जागेवर ठेवा.

– संपादक, छत्रपती संभाजीनगर