नवं कार्ड, जुना डबा

काय दोस्तांनो, घरचा दहा वर्षांचा पीसी नवा गेम लावला की धापा टाकतो ना? मग ‘बाबा, ग्राफिक्स कार्ड घ्या’ अशी भुणभुण सुरू! जरा थांबा. प्लग काढा, मोठ्या माणसाला जवळ बसवा, कॅबिनेटचं झाकण उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा.

मदरबोर्डवरचा लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा पिनांची असेल तर आणखी ७५ वॉट, आठ पिनांची असेल तर १५०. आणि अशी वायरच नसेल तर? २०१६ साली आलेलं जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॉटवर चालतं. त्याच्या बऱ्याच मॉडेल्सना जादा वायर लागत नाही.

आता पट्टी घेऊन जागा मोजा. (मी मोजली नव्हती. कार्ड हार्ड डिस्कला अडलं, अन् दुकानदार ते परत घेईना!) मॉनिटरची केबल निळ्या तोंडाची व्हीजीए आहे का, तेही बघा. या कार्डावर ती लागतच नाही.

आणि हो, रॅम किती आहे? चारच जीबी असेल तर आधी ती वाढवून बघा, मग बाबांकडे कार्डाचा विषय काढा.