आधी हत्तीची वाट, मग फोटो

मेट्टुपालयमहून उटीला जाणारी निलगिरीची डोंगरी रेल्वे ४६ किलोमीटरला जवळपास पाच तास घेते. कल्लार ते कुन्नूर हा चढ इतका खडा आहे, की इंजिनाला दातेरी रुळाचा आधार घ्यावा लागतो. गाडी अशी रमतगमत चालली, की खिडकीतून मोबाइल बाहेर येणारच, आणि त्यात वावगे काही नाही. पण याच उतारांवर हत्तींची जुनी ये-जा आहे. पाणी आटले की ते हलतात, फणस पिकले की बुर्लियारच्या बाजूला येतात. सपाटीवर हत्ती माणसांना वळसा घालून निघून जाऊ शकतो. इथे एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. रुळांवर किंवा घाटरस्त्यावर दहा माणसे मोबाइल उंचावून उभी राहिली, तर पिल्लू घेऊन निघालेल्या हत्तिणीने जायचे कुठे? माघारी फिरायचे, नाहीतर अंगावर यायचे. म्हणून किती जवळ गेलेले चालेल, हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. आपण तिच्या वाटेत उभे आहोत का, एवढेच पाहायला हवे.

यावर म्हटले जाते, की अशा चित्रणांमुळेच लोकांना वन्यजीवांची कळकळ वाटू लागते. ते खरेच आहे. २०२२मध्ये याच लोहमार्गालगतच्या संरक्षक भिंतीपुढे अडलेल्या हत्तींचे चित्रण सर्वदूर पोहोचले, ओरड झाली आणि भिंत पाडावी लागली. मात्र त्या चित्रणाचे मोल हत्तींची अडचण दाखवण्यात होते. वाट अडवून मिळवलेल्या फोटोत ती अडचण आपणच उभी केलेली असते. भिंत दगडाची असो की माणसांची, कळपाला फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप माकडांचा: ती तर माणसाळलेलीच आहेत, मग दोन बिस्किटे टाकून फोटो काढला तर काय बिघडले? हिलग्रोव्हला इंजिन पाणी घेते, प्रवासी पाय मोकळे करायला उतरतात आणि माकडे थेट हातातल्या पुड्यांवर नजर ठेवून येतात. हा सराव त्यांना आपणच लावला. पुढे एखादे माकड लहान मुलाच्या हातातला खाऊ ओरबाडते, तेव्हा त्याला उपद्रवी ठरवून पिंजरा लावा म्हणणारेही आपणच असतो. नेरळहून माथेरानला जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

कॅमेऱ्यांवर बंदी घाला, असे कोणी म्हणत नाही. रुळांजवळ हत्ती दिसले तर कोणी डब्याबाहेर पडू नये, माकडांना खायला घालू नये आणि कळप कुठे आहे ते लगेच मोबाइलवरून जगजाहीर करू नये, एवढी सूचना मेट्टुपालयमला गाडी सुटण्याआधी रेल्वेने रोज द्यावी. हिलग्रोव्हच्या फलाटावर ती पाळली जाते का, हे पाहायला वनखात्याचा एक माणूस उभा करावा.