नाही म्हणायची ताकद कुठून येते?

नोकरी लागली तेव्हा ऑफर लेटरवर ‘कन्सल्टंट’ लिहिलं होतं. अब्बांना वाटलं, मुलगा मोठ्या साहेबांना सल्ला देणार. प्रत्यक्षात सल्ला कुणी विचारला नाही. मोठ्या आउटसोर्सिंग कंपनीत आपले तास विकले जातात. क्लायंट तासाचे डॉलर मोजतो तोवर आपण ‘बिलेबल’. प्रोजेक्ट संपला की ‘बेंच’वर. पगार चालू असतो, पण झोप उडते.

अशाच दिवसांत मॅनेजर म्हणाले, “रेझ्युमेत दोन वर्षांची चार कर. क्लायंटला सीनियर हवाय. सगळेच करतात.”

मी नाही म्हणालो. आणखी दोन महिने बेंचवर काढले, त्या वर्षी रेटिंगही घसरलं. पण मला नाही म्हणता आलं, कारण खात्यात सहा महिन्यांचा खर्च होता आणि डोक्यावर हप्ता नव्हता. माझ्या मित्राच्या गाडीचा हप्ता चालू होता. त्याने आकडा बदलला. रात्री दोनला क्लायंटची सिस्टीम बंद पडली, तेव्हा कागदावरची चार वर्षं कामाला आली नाहीत. त्याला दोष कसा देऊ?

दोस्तांनो, ही नोकरी वाईट नाही. आमच्या घरातल्या पहिल्या इंजिनिअरला तिनेच उभं केलं. पण पहिल्या पगारावर गाडी बुक करण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आणि बेंचचे दिवस शिकण्यात घालवा. प्रामाणिक राहायचं तर नुसता इरादा पुरत नाही, थोडी तयारीही लागते.