यादीचा फोटो म्हणजे यादी नव्हे

जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळात नैसर्गिक आपत्तीचं जे अनुदान वाटलं गेलं, त्यात कोट्यवधींचा अपहार झाल्याचं २०२५ मध्ये चौकशीतून पुढे आलं. तलाठी निलंबित झाले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. जमीन नसलेल्यांच्या नावावर पैसे, एकाच नावावर दोनदा पैसे, आहे त्याहून जास्त क्षेत्र दाखवून पैसे, असे आरोप आहेत. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. माझा संताप त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. यातला एकही प्रकार असा नाही की तो कळायला दोन-तीन वर्षं जावीत. यादीतून दोन-तीन रकाने बाजूला काढायचे, ओळी क्रमानं लावायच्या आणि दुबार ओळ शोधायची, एवढंच ते काम आहे. हे काम संगणक अर्धं शतक करतो आहे. ते झालं नाही, कारण ते कुणाला करता येईल अशा रूपात यादी बाहेर येऊच दिली जात नाही.

त्या अर्ध्या शतकाची सुरुवात अशी. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७३ साली युनिक्स प्रणालीत पाइप आला. डग मॅकिलरॉय यांची ही कल्पना: एका आज्ञेनं जे बाहेर टाकलं ते दुसरीनं थेट आत घ्यायचं. ओळीतून हवा तो शब्द शोधणारा ग्रेप त्याच सुमाराचा. १९७७ साली अहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांनी ऑक लिहिला. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव झालं. आपला रोजगार हमीचा कायदाही त्याच १९७७ सालचा. हजेरीपटावर खोटी नावं चढवून मजुरी खाण्याविरुद्ध महाराष्ट्रात तेव्हापासून भांडणं झाली, आणि तो हजेरीपट तपासायचं हत्यार त्याच वर्षी जगात तयार झालं होतं.

ऑकचं काम साधं आहे. प्रत्येक ओळ ही एक नोंद आणि तिच्यात जिथे मोकळी जागा किंवा तुम्ही सांगाल ती खूण येईल, तिथे रकाना तुटतो. सातवा रकाना दाखव म्हटलं की सातवा दाखवतो. पाचव्याला चौथ्यानं भाग म्हटलं की भागतो. गट क्रमांक आणि खाते क्रमांक उचल, सॉर्टकडे देऊन क्रमानं लाव, युनिककडे देऊन दोनदा आलेलेच ठेव, अशा तीन आज्ञा पाइपनं जोडल्या की तालुक्याची हजारो ओळींची यादी काही सेकंदांत चाळून होते. युनिक फक्त शेजारशेजारच्या ओळी पाहतो, म्हणून सॉर्ट आधी. या आज्ञा कुठल्याही लिनक्सवर फुकट मिळतात. जुन्यात जुन्या संगणकालाही त्या जड जात नाहीत.

आता एक खरी कसोटी घ्या. २०२२ च्या अतिवृष्टीसाठी राज्य सरकारनं हेक्टरी दर ठरवले: जिरायत १३,६०० रुपये, बागायत २७,००० आणि बहुवार्षिक पिकांना ३६,०००, मर्यादा तीन हेक्टरची. म्हणजे मोसंबीची बाग आडवी झालेल्या शेतकऱ्यालाही त्या दरानं १,०८,००० रुपयांवर एक पैसा मिळू शकत नव्हता. रकमेच्या रकान्यात याहून मोठा आकडा असलेली प्रत्येक ओळ चुकीची. रकमेला क्षेत्रानं भागल्यावर जो दर येतो, तो या तिनांपैकी एक नसेल तर ती ओळही संशयाची. या दोन प्रश्नांना समिती लागत नाही. मुदतवाढ लागत नाही.

पण यादी हाती येते कशी? पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक करतात. माहिती संगणकावर रकान्यांतच भरली जाते; नाहीतर ती शासनाच्या पोर्टलवर चढणारच नाही आणि शेतकऱ्याचा व्हीके नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक, तयार होणार नाही. म्हणजे शासनाच्या संगणकात रकाने धडधाकट असतात. मग कुणीतरी ती यादी छापतं, तिच्यावर शिक्का मारतं, छापलेला कागद स्कॅन करतं आणि तो तिरका, काळपट फोटो पीडीएफ म्हणून टाकतं किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवतं. एका कार्यालयाकडे मी मूळ फाइल मागितली, तर मला त्याच कागदाच्या झेरॉक्स देऊ केल्या. होते ते रकाने जाणूनबुजून मोडायचे आणि वर पारदर्शकतेची टिमकी वाजवायची, हा खोटेपणा आहे. याला दुसरं नाव देण्याची माझी तयारी नाही.

फोटोतून अक्षरं ओळखणारी साधनं आहेत, हे मला माहीत आहे. देवनागरीत ती घ आणि ध, भ आणि म यांत गल्लत करतात, आणि रकमेतला एक आकडा चुकला की तपासणीच निकामी. स्कॅन नसलेली पीडीएफ मिळाली तरी तिच्यात अनेकदा जुना फाँट असतो, कृतिदेव किंवा श्रीलिपी. पानावर जालना दिसतं, खाली साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ग्रेपला जालना शोधायला सांगा, एकही ओळ येणार नाही. युनिकोड येऊन तीन दशकं झाली, तरी कचेऱ्यांतून असे कागद निघतात, आणि त्याबद्दल कुणाला कधी जाब विचारला गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

समजा साधी मजकुराची फाइल मिळाली. तरीही आपल्या याद्यांत असे खड्डे आहेत की अनोळखी माणूस तोंडावर आपटतो, आणि आपटला हे त्याला कळतही नाही. रक्कम आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन लिहिलेली असते. १,१५,००० हा आकडा ऑक कसा वाचतो? पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतो आणि एक म्हणतो. एक रुपया. १,०८,००० च्या मर्यादेची कसोटी लावली की नेमकी तीच चुकीची ओळ निर्दोष ठरून निसटते. रक्कम मराठी अंकांत असेल तर आणखी वाईट: ऑकला ते अंक वाटतच नाहीत, तो शून्य धरतो. अख्ख्या तालुक्याची बेरीज शून्य येते, आणि तक्रार म्हणून एक शब्दही पडद्यावर उमटत नाही. यावर इलाज आहे. आधी स्वल्पविराम काढा. मराठी अंक सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाच्या एका आज्ञेनं इंग्रजी करा. त्याच कामासाठी असलेला टीआर मराठीपुढे हात टेकतो, कारण तो अक्षरांऐवजी बाइट मोजतो. पण हा इलाज ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती चुकीचं उत्तर पूर्ण आत्मविश्वासानं पडतं.

नावांचं तर विचारूच नका. मराठवाड्यात सात-बारावर नाव येतं ते पि. लावून वडिलांच्या नावासह, बायकांचं भ्र. लावून नवऱ्याच्या नावासह. कुठे तीन शब्द, कुठे पाच, कुठे सहा. मोकळ्या जागेवर रकाने तोडले की प्रत्येक ओळीत रक्कम वेगळ्या क्रमांकावर जाते. गावांचंही तसंच. तीर्थपुरी एक शब्द, जांब समर्थ दोन, कुंभार पिंपळगाव दोन, अंतरवाली सराटी दोन. शेजारच्या जिल्ह्याचं नाव औरंगाबाद होतं तोवर एका रकान्यात मावत होतं. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं आणि मोकळ्या जागेवर तोडणाऱ्या प्रत्येक जुन्या आज्ञेत त्या जिल्ह्याच्या ओळी एका रकान्यानं सरकल्या. जालन्याच्या ओळी बरोबर, शेजारच्या चूक, आणि एकूण बेरीज कुणाच्या तरी टेबलावर सहीला. विभागाचे आकडे असे बनत असतील तर त्यांवर मी विश्वास का ठेवावा?

डावीकडून मोजायचं सोडून उजवीकडून मोजा, असं मी शिकणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. ऑकला ओळीतले एकूण रकाने माहीत असतात. शेवटचा रकाना रक्कम, त्याच्या अलीकडचा क्षेत्र, त्याच्या अलीकडचा गट. नाव कितीही लांबो, या तिघांना धक्का लागत नाही. हा तात्पुरता बचाव आहे. खरा उपाय यादी करणाऱ्याच्या हातात आहे: दोन रकान्यांच्या मध्ये टॅब किंवा उभी रेघ द्यावी. याला एक रुपया खर्च नाही. तरीही हे होत नाही, आणि म्हणूनच केवळ अज्ञानाचं कारण मला पटत नाही.

अक्षरं मोजण्याच्या बाबतीत दोष ऑकसारख्या साधनांचाही आहे, आणि तो झाकायचं मला कारण नाही. जालना हा आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचा शब्द. युनिकोडच्या हिशेबात तो पाच खुणांचा, आणि फाइलमध्ये तो पंधरा बाइट जागा घेतो. बहुतेक लिनक्सवरचा कट पहिली तीन अक्षरं काढ म्हटल्यावर वर्षानुवर्षं पहिले तीन बाइट काढत आला, म्हणजे नुसता ज. उबुंटूवर आपोआप मिळणारा मॉक नावाचा ऑक या शब्दाची लांबी पंधरा सांगतो, जीऑक नावाचा दुसरा ऑक पाच सांगतो. ठरावीक रुंदीच्या रकान्यांची मराठी यादी या साधनांनी कापली की अक्षराचे तुकडे होतात. ब्रायन कर्निगन यांनी २०२२ साली, ऐंशीच्या घरात असताना, आपल्या जुन्या ऑकला युनिकोड वाचायला शिकवलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं स्वतःचं काम त्या माणसानं पुन्हा हातात घेतलं. आपल्याकडे ज्यांना पगार मिळतो त्यांना फाँट बदलायला लावता येत नाही.

आणि शेतकऱ्यांच्या हा शब्दच घ्या. त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकला जातो: एकदा खास ऱ वापरून, एकदा साध्या र ला न दिसणारी जोडखूण लावून. डोळ्याला फरक शून्य, यंत्राला दोन वेगळे शब्द. अशा आडनावाचा माणूस एकाच यादीत दोनदा आला तर युनिक त्याला दोन माणसं समजतो. जाफराबाद आणि जाफ्राबाद, घनसावंगी आणि घणसावंगी ही तर दिसणारी भानगड. म्हणून दुबार शोधताना नावावर कधीच विसंबू नये; गट, आठ-अचा खाते क्रमांक आणि बँक खातं यांवर शोधावं.

एक्सेलमध्ये सगळं होतं, हे उत्तर मला कचेरीत हमखास ऐकायला मिळतं. एक्सेलमध्ये गट किंवा सर्व्हे क्रमांक ५/२ नुसता टाकला की त्याची तारीख होते. बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यं गळतात. पंधरापेक्षा जास्त आकडी क्रमांकाचे शेवटचे आकडे शून्य होतात. जनुकांच्या नावांच्या तारखा होतात म्हणून २०२० साली शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. आपल्या सर्व्हे क्रमांकांचं नाव कोण बदलणार? एक्सेलमधून छापलेल्या यादीत अशा तारखा माझ्या डोळ्यांनी मी पाहिल्या आहेत, आणि त्या ओळींवरही शिक्का होता.

कायदा स्पष्ट आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ चं कलम ४ सांगतं की अनुदानाच्या कार्यक्रमात वाटलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील शासनानं आपणहून प्रसिद्ध करायचा. संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात मिळवण्याचा हक्क कलम २ मध्ये आहे. कलम ७ चं पोटकलम ९ म्हणतं की ज्या रूपात मागितली त्या रूपात माहिती सामान्यतः द्यायची. साधनसामग्री अवाजवी वळवावी लागत असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तेव्हाच नकार. संगणकातली फाइल द्यायला साधनसामग्री वळवावी लागत नाही. ती छापून, शिक्के मारून, स्कॅन करून द्यायला लागते. फाइल नाकारून झेरॉक्स देणारा अधिकारी जास्त काम करून कमी माहिती देतो. तो आळशी आहे असं मी म्हणू शकत नाही.

खासगीपणाचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. आधार आणि बँक खातं जाहीर यादीत येता कामा नये, मोबाइल तर नाहीच. पण गाव, गट, आठ-अ खाते क्रमांक, नाव, क्षेत्र, पीकप्रकार आणि रक्कम यात लपवण्यासारखं काही नाही. सात-बारा कुणालाही पाहता येतोच. बँक खातं दोनदा आलं का, ही तपासणी पैसे सोडण्याआधी तहसीलनं स्वतः करावी आणि केली असं लेखी द्यावं. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमात बदल केला आहे, आता त्याच्या आडून याद्याच बंद करण्याचा प्रयत्न होईल. कलम ४ तसंच आहे. ते दाखवून भांडावं लागेल.

शेतकऱ्याला कुठे ऑक येतो, असं म्हणणाऱ्यांना सांगतो की त्याला यायची गरज नाही. परतूर, मंठा, भोकरदन, बदनापूर, कुठल्याही तालुक्यात संगणकशास्त्र शिकलेली पोरं आहेत, सेतू केंद्रात बसून दिवसभर केवायसी करणारी. गावकरी विचारतात, यादीत नाव आलं का. त्या पोरांना फाइल द्या, ती एका दुपारी नाव सांगतील आणि गावात नसलेली नावंही सांगतील. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला की महसूल मंडळ अतिवृष्टीत धरलं जातं. पावसाचा रकाना, क्षेत्राचा रकाना आणि रकमेचा रकाना शेजारी मांडून कुठल्या मंडळात पाऊस कमी आणि पैसे जास्त, हेही ती दाखवतील. ज्याचं पीक खरोखर पाण्यात गेलं आणि ज्याचं नाव यादीत नाही, त्याच्या हातात निदान पुरावा तरी येईल.

म्हणून अर्ज करताना नुसती यादी मागू नका. असं लिहा: आपल्या कार्यालयाच्या संगणकात असलेली मूळ फाइल, युनिकोड मजकुरात, रकान्यांमध्ये टॅब असलेली, अंक इंग्रजीत आणि स्वल्पविरामाविना, स्कॅन किंवा छापील प्रत नको, कलम ७(९) प्रमाणे. नकार आला तर तो कारणासह लेखी मागा आणि तीस दिवसांच्या आत पहिलं अपील टाका.