शाळा बंद, मंडळ चालू

निवडून दिलेल्या प्रतिनिधीस मुदत भरण्यापूर्वींच घरीं बसविण्याचा हक्क मतदारांस असावा कीं नसावा, हा वाद राज्यशास्त्राच्या ग्रंथांतून पुष्कळ दिवस चालत आला आहे. परंतु ग्रंथांतला वाद निराळा आणि मुलाचें दप्तर वर्षभर खुंटीवर टांगलेलें पाहून आईबापांच्या मनांत उठणारा वाद निराळा. अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं हा दुसरा वाद मतपेटीपर्यंत पोंचला, आणि तेथील शिक्षणमंडळाच्या सात सभासदांपैकीं तिघांस मतदारांनीं एकाच दिवशीं पदच्युत केलें. या निकालास कोणी पालकांचें बंड म्हटलें, कोणी झुंडशाही म्हटलें. आमच्या मतें कायद्यानें दिलेल्या हक्काचा तो कायदेशीर उपयोग होता आणि तो योग्यही होता. मात्र त्यांतील उणीवा झांकून ठेवण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं.

कोविडची सांथ आली तेव्हां मार्च २०२० मध्यें तेथील सरकारी शाळा बंद झाल्या. याबद्दल मंडळास दोष देणें अन्यायाचें होईल. रोगाचें स्वरूप तेव्हां कोणासच नीट ठाऊक नव्हतें, आणि अंधारांत जपून टाकलेल्या पावलास उजेडांत हंसणें सोपें असतें. पण पुढें काय झालें? त्याच शहरांतील पुष्कळ खाजगी शाळांनीं परवानगी काढून २०२० सालच्या अखेरीच्या महिन्यांत आपले वर्ग उघडले. सरकारी शाळांचीं कुलुपें तशींच राहिलीं. लहान मुलांच्या शाळा एप्रिल २०२१ मध्यें उघडूं लागल्या, आणि मोठ्या मुलांपैकीं बहुतेकांस ऑगस्टची वाट पाहावी लागली. ज्याच्या बापाजवळ पैका त्याचें मूल वर्गांत, आणि ज्याची आई दिवसभर दुसऱ्याकडे राबते त्याचें मूल एकटें यंत्राच्या पडद्यापुढें, असा हा पंक्तिप्रपंच झाला. गरिबांच्या कैवाराची भाषा अष्टौप्रहर बोलणाऱ्या मंडळाच्या अमलांत तो व्हावा, याचें आम्हांस विशेष वाटतें.

बरें, या काळांत मंडळ स्वस्थ होतें म्हणावें तर तसेंही नाहीं. जानेवारी २०२१ मध्यें त्यानें सहा विरुद्ध एक अशा मतांनीं ४४ शाळांचीं नांवें बदलण्याचा ठराव केला. वॉशिंग्टन व लिंकन यांचींही नांवें त्यांत होतीं. नामांतराचा प्रश्न आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. परक्या लाटसाहेबांचीं नांवें पाट्यांवरून उतरतांना होणारा आनंद आमच्या समाजास चांगला परिचित आहे. परंतु इतिहासाची पारख करावयाची तर इतिहासज्ञांस विचारावें लागतें. तें न विचारल्यामुळें पॉल रिव्हीअर या स्वातंत्र्ययुद्धांतील वीराच्या एका मोहिमेचा भलताच अर्थ लावला गेला, सर्वत्र हंसें झालें, आणि एप्रिलमध्यें ठराव मागें घेण्याची पाळी आली. ज्या इमारतींत मूल पाऊल टाकूं शकत नाहीं तिच्या दरवाजावर कोणाचें नांव असावें, याचा हा खल!

फेब्रुवारी २०२१ मध्यें तर शहराच्या वकिलानें शाळा उघडण्याची योजना नाहीं म्हणून याच मंडळावर फिर्याद गुदरली. त्याच महिन्यांत मंडळानें लोवेल या नामांकित विद्यालयांतील गुणानुक्रमानें प्रवेश देण्याची पद्धति मोडून तेथें सोडत आणली. गुण कीं सोडत, यावर दोन सुज्ञांचें दोन बाजूंनीं मत पडूं शकेल. पण हा निर्णय घेतांना जाहीर सभेचा कायदा मोडला असें पुढें न्यायालयानेंच ठरविलें. मंडळाच्या उपाध्यक्षा अलिसन कॉलिन्स यांनीं आशियाई वंशाच्या लोकांविषयीं २०१६ सालीं केलेलें अनुदार लिखाण उजेडांत आलें. त्यामुळें सहकाऱ्यांनीं त्यांचें उपाध्यक्षपद काढून घेतलें, तेव्हां त्यांनीं आपल्याच मंडळावर ८ कोटी ७० लाख डॉलरांचा दावा लावला. तो न्यायालयानें काढून टाकला. वादी मंडळांत, प्रतिवादी मंडळांत, आणि पोरें घरांत!

कॅलिफोर्निया संस्थानांत परत बोलावण्याचा हक्क १९११ पासून आहे, पण तो मागेल त्यास मिळत नाहीं. प्रत्येक सभासदाविरुद्ध ५१,३२५ ग्राह्य सह्या हव्या होत्या. पालकांनीं बाजारांत, चौकांत उभे राहून सुमारें ८०,००० जमविल्या. जे पालक अद्याप त्या देशाचे नागरिक झालेले नाहींत त्यांसही तेथें शिक्षणमंडळापुरता मताचा अधिकार आहे, ही गोष्ट आम्हांस फार न्याय्य वाटते. कॉलिन्स आणि अध्यक्षा गॅब्रिएला लोपेझ यांच्याविरुद्ध शेकडा ७० हून अधिक मतें पडलीं. फाउगा मोलिगा यांच्याविरुद्ध थोडीं कमी, तरी दोन-तृतीयांशांवर.

आतां दुसरी बाजू. ठरावास हात वर करणारे आणखीही होते. पण ते नोव्हेंबर २०२० मध्यें नुकतेच निवडून आलेले म्हणून परत बोलावण्याच्या नियमाबाहेर राहिले आणि सुटले. रिकाम्या जागा महापौरांनीं आपल्या पसंतीनें भरल्या. म्हणजे लोकांनीं काढावें आणि एका अधिकाऱ्यानें नेमावें, असा प्रकार झाला. चळवळीस धनिकांचा पैसा मिळाला हेंही खरें. शिवाय तिघांची मुदत त्याच वर्षअखेर संपणार होती, मग एवढी घाई कां, असा प्रश्न विचारला गेला. याचें उत्तर पहिलीच्या मुलास विचारावें. प्रौढास नऊ महिने म्हणजे एक निवडणूक पुढें ढकलणें. सहा वर्षांच्या मुलास तेवढ्यांत अक्षरओळख होते किंवा राहून जाते.

हें शस्त्र उद्यां प्रत्येक रुसलेला मतदार उपसील, ही भीति मात्र अनुभवास उतरली नाहीं. २०२१ सालीं अमेरिकेंत असे ऐंशींहून अधिक प्रयत्न दोनशेंहून अधिक सभासदांविरुद्ध झाले; बहुतेक सह्यांच्या उंबरठ्यावरच अडखळले. विस्कॉन्सिनमधील मेक्वॉन-थीन्सव्हिल येथें नोव्हेंबर २०२१ मध्यें मतदान झालें, आणि चारही सभासद लोकांनीं जाग्यावर ठेविले. उंबरठा उंच असला म्हणजे हक्काचा दुरुपयोग आपोआप आवरतो.

आमच्याकडे पाहावें तों काय दिसतें? महाराष्ट्रांत शाळा मार्च २०२० मध्यें बंद झाल्या आणि खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. पुढच्याच जानेवारींत ते पुन्हां कांहीं दिवस मिटले. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या मुलांहूनही आमचीं मुलें अधिक काळ पाटीपासून दूर राहिलीं. थेट निवडलेल्या सरपंचाविषयींचा अविश्वास ग्रामसभेपुढें नेण्याची तरतूद आमच्या कायद्यांत आहे, तेव्हां हें तत्त्व आम्हांस परकें नाहीं. पण शाळेच्या कुलुपाबद्दल जाब कोणास विचारावा? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिति दिली असून तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालकच असावयाचे आहेत. शाळा केव्हां मिटावी व केव्हां उघडावी, यांत मात्र तिला शब्द नाहीं. तो तिला कायद्यानें मिळावा. शाळा पंधरा दिवसांहून अधिक बंद ठेवावयाची झाल्यास सरकारी अंमलदारानें त्याचें कारण व उघडण्याची तारीख या समितीस लेखी कळवावी, आणि ती तारीख टळल्यास समितीपुढें येऊन उत्तर द्यावें, एवढें कलम घालण्यास विधिमंडळास एक अधिवेशन पुरे आहे.