पैसे मोजणाऱ्यालाच कुलूप

विकत घेतलेली 4के ब्लू-रे तबकडी पीसीवर लागत नाही, अशी कुणी कुरकुर केली की जाणकारांचं उत्तर तयार असतं. नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप नसेल तर पायरसी बोकाळेल, आणि वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर ते कुलूप टिकत नाही. त्यातल्या दुसऱ्या दाव्यापासून सुरुवात करू. तो अधिक तांत्रिक वाटतो म्हणून सहसा कुणी तपासत नाही.

2018 साली इंटेलने ‘हेडीस कॅन्यन’ हा न्यूक, म्हणजे छोटेखानी पीसी, विकायला काढला. आकारमान जेमतेम 1.2 लिटर आणि आत एएमडीचं रेडिऑन आरएक्स व्हेगा एम. टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवायला अगदी सोयीचा. 4के चित्र उलगडणं या ग्राफिक्सला मुळीच जड नव्हतं. तरी तबकडी चालेना! कारण पीसीवर ती अधिकृतपणे बघायची तर प्रोसेसरमध्ये इंटेलचं एसजीएक्स (मेमरीत सुरक्षित कप्पा राखणारी सोय) हवं, चित्र इंटेलच्याच अंगभूत ग्राफिक्समधून बाहेर पडायला हवं आणि पुढे पडद्यापर्यंतच्या जोडणीवर एचडीसीपी 2.2 हे सांकेतिक संरक्षण हवं. हेडीस कॅन्यनच्या प्रोसेसरात इंटेलचं अंगभूत ग्राफिक्सही होतं. पण डिस्प्लेची सगळी पोर्टं रेडिऑनला जोडलेली. म्हणजे जास्त पैसे मोजून दमदार ग्राफिक्स घेतलं, हाच ग्राहकाचा गुन्हा.

वेगळं ग्राफिक्स खरोखरच असुरक्षित असतं, तर नेटफ्लिक्सने त्यावर 4के दिलंच नसतं. 2016 मध्ये तिथेही इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसरच लागे. पण पुढे मायक्रोसॉफ्टच्या प्लेरेडी व्यवस्थेतून एनव्हिडियाच्या पास्कल कार्डांना वाट मिळाली. किमान 3 जीबी मेमरीची अट घातली, काम झालं. शिवाय 2016 चाच एक्सबॉक्स वन एस 4के ब्लू-रे चालवतो, आणि त्यातली चिप एएमडीची आहे. यावर ‘तो बंद खोका आहे, पीसी उघडा असतो’ असं म्हणता येईल, आणि ते खरंही आहे. मग अडचण पीसीच्या मोकळेपणाची आहे असं सरळ म्हणा. ग्राफिक्स कार्डावर खापर कशाला?

आता पायरसी. 4के तबकड्यांच्या चोरट्या नकला 2017 पासून फिरू लागल्या. नक्कल उतरवून घेणाऱ्याला ना एसजीएक्स लागतं, ना एचडीसीपी. त्याच्याकडच्या फायलीला कुलूपच नसतं. अडतो तो दुकानातून तबकडी आणणारा.

आणि ज्या एसजीएक्सवर हा डोलारा उभा केला, ते इंटेलनेच अकराव्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरांतून काढून टाकलं. त्यावर पीसीवर तबकडी चालवणाऱ्या पॉवरडीव्हीडी या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी ग्राहकांना काय सल्ला दिला? सातव्या ते दहाव्या पिढीचा जुनाच संच वापरत राहा, विंडोज 11 वर जाण्याआधी विचार करा. सुरक्षेसाठी रचलेली व्यवस्था अपडेटच टाळायला सांगते, याहून तिचं वेगळं खंडन करायची गरज नाही.

‘मग स्ट्रीमिंग बघा की’ हा सल्ला फुकटचा आहे. तबकडीवरून सेकंदाला 100 मेगाबिटांहून अधिक माहिती येऊ शकते, स्ट्रीमिंगचं 4के साधारण 15-20 मेगाबिटांत उरकतं. अंधाऱ्या प्रसंगात हा फरक डोळ्यांना दिसतो.

कुलूपच नको, असं माझं म्हणणं नाही. महिन्याच्या वर्गणीवर दाखवलेल्या चित्रपटाला ते असावं. तिथे आपण भाडेकरू आहोत. पण विकलेल्या तबकडीचं कुलूप एका कंपनीच्या मोजक्या पिढ्यांतल्या सोयीला बांधणं गैर आहे. प्लेरेडीसारखी, कुठल्याही कंपनीच्या ग्राफिक्सला अटी पुऱ्या करून सामील होता येईल अशी वाट परवाना देणाऱ्यांनी तबकडीलाही द्यावी. आपल्या कॉपीराइट कायद्याचं 2012 मध्ये आलेलं कलम 65-ए कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच; म्हणजे प्रामाणिक ग्राहकाला कायदाही चोर मानत नाही. आणि अशी वाट निघेपर्यंत, कोणत्या पीसीवर ही तबकडी चालणार नाही हे वेष्टनावर ठळक छापा, म्हणजे निदान घ्यायच्या आधी कळेल.